चंद्रकोरीखालचं लोखंड

नामदेव भाऊजी. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की हे एकच नाव माझ्या तोंडी येतं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सौंसरचे मिस्त्री. नोकरी लागली तेव्हा हे नाव घेतलं, घराच्या वास्तूला घेतलं, परवा निवृत्तीच्या समारंभात माईकवर घेतलं. पण त्या नावाच्या पुढचं जे वाक्य आहे, ते मी दर वेळी गिळलं. बायकोला सांगितलं नाही. ताईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. आणि तरी बघा, हात थांबतोच आहे.

आधी मी कुठून आलो ते सांगतो. हे लांबवणं आहे, मला कळतं. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील लोधीखेड्याजवळ एका संत्र्याच्या बागेची राखण करायचे. आमच्या घरात कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. ताईचं लग्न सौंसरला झालं आणि थोड्याच दिवसांत भाऊजी बागेत येऊन उभे राहिले. वडिलांना म्हणाले, "मामाजी, पोरगं हुशार आहे. माकडं हाकलून काय करन? माझ्याकडे द्या." इतकंच. न मागता. त्यांच्या घरी राहून, त्यांच्या ताटात जेवून मी बी.एस्सी. झालो. निकाल लागला त्या दिवसापासून त्यांनी माझं वसंता हे नाव टाकून दिलं आणि मला बीएस्सी केलं. सकाळी ओरडायचे, "आमचे बीएस्सी उठले का? उठले असतीन तं चहा द्या त्यायले, नाही तं झोपू द्या, देशाचं नुकसान नको." ताई हसायची. मीही हसायचो. त्या घरात मला कधी पाहुण्यासारखं वाटलं नाही.

भाऊजींचा धंदा जुन्या यंत्रांचा. पांढुर्णा रोडवर टिनाची शेड होती. नागपूरच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात ते शिकले होते आणि ऐंशीच्या त्या दशकात अशी वर्कशॉपं एकामागून एक बंद पडत होती. तिथले लेथ, ड्रिल, शेपर ट्रकने आमच्याकडे यायचे. चिमण्यांची घरटी घेऊन यायचे, गोठलेलं ग्रीस, रंगावर रंगाचे थर. ते सगळं साफ करणं माझं काम. घासलेट, तारेचा ब्रश, चिंध्या. रंग खरवडता खरवडता खालून विलायती कंपनीची उठावाची अक्षरं वर यायची, तेव्हा मला फार आनंद व्हायचा. खरंच व्हायचा. मी त्या कामाला कमी लेखत होतो म्हणून हे घडलं, असं समजू नका. तेवढी सोयही मला नाही.

पण लेथचा बेड मात्र भाऊजीच करायचे. बेड म्हणजे लेथची पाठ — जिच्यावरून हत्यार धरणारा सगळा भाग पुढेमागे सरकतो, ती लांब लोखंडी वाट. वर्षानुवर्षं चालून ती झिजते. मग काय करायचं? एका अगदी सपाट पट्टीला निळा रंग पुसायचा आणि ती बेडवर फिरवायची. जिथे उंच असेल तिथे निळं लागतं. तेवढंच स्क्रॅपरने खरवडायचं. परत निळं, परत खरवडणं. दिवसचे दिवस. शेवटी बेडभर सारखं निळं उमटलं की काम झालं. आणि मग — अगदी शेवटी — भाऊजी त्यावर चंद्रकोरी काढायचे. स्क्रॅपरला मनगटाचा एक झटका, एक कोर. तिरक्या ओळींत शेकडो कोरी, एकीला एक चिकटून. त्यात तेल धरून राहतं, असं सांगायचे. पण खरं म्हणजे ती सही होती. नागपूरचे लोक कोर पाहून सांगायचे, हा नामदेवचा हात.

आणि भाऊजींना त्याचा गर्व होता. साधेभोळे वगैरे ते मुळीच नव्हते. गिऱ्हाइकाला कोरींवरून अंगठा फिरवायला लावायचे, म्हणायचे, "बायकोच्या पैठणीवर तरी असं काम पाहिलं का?" मला त्यांनी निळं लावायला शिकवलं, खरवडायला शिकवलं. कोर नाही. "ज्याले सपाट जमलं त्यानंच सही करावी, बीएस्सी. तुमचं अजून सपाट नाही."

मी लपून शिकलो. ते बाहेर गेले की भंगारातल्या एका बिडाच्या पाटीवर कोरी काढायचो आणि घासून टाकायचो. कशासाठी? कौतुक करून घ्यायला, एखाद्या दिवशी त्यांना चकित करायला. दुसरं काही मनात नव्हतं. तेव्हा नव्हतं.

त्या वर्षी पांढुर्ण्याच्या एका जिनिंगचा लेथ आला. कापसातून सरकी वेगळी करणारे चामड्याचे रोलर तिथे त्या लेथवर तासून गोल करत. दसरा-दिवाळीपासून कापूस सुरू होतो, त्याच्या आत यंत्र हवं होतं. भाऊजींनी बेडवर जीव ओतला. शेवटची पट्टी फिरवली तेव्हा मी चिंधी घेऊन बाजूलाच होतो. निळं असं उमटलं होतं — मधात, टोकांना, सगळीकडे सारखं, रांगोळीचे ठिपके टाकावेत तसं. भाऊजींनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मग कोरी काढल्या.

तो पोळ्याचा आदला दिवस होता. ते ताईला आणि लेकीला घेऊन मोहगावला, आपल्या गावी निघाले होते. पोरीला तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल फिरवायचा होता. बस सुटत होती. जाता जाता मला म्हणाले, "बेडले तेल देऊन ठेव. पाण्याचे दिवस आहेत, कोरं लोखंड एक रात्र नाही काढत. अन् ताडपत्री टाक, गोणपाट नको."

हो म्हणालो.

मला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलेलं होतं, सरकारी प्रशिक्षण संस्थेत शिकवण्याच्या जागेसाठी. भाऊजींनी त्यासाठी टेरिकॉटचा शर्ट शिवून दिला होता. तो शर्ट मी त्या दिवशी घातला होता — मित्राकडे पांढुर्ण्याला जायचं होतं, पोळा करून दुसऱ्या दिवशीची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर होणारी दगडफेक, पाहायची होती. तेलाचा डबा उघडला असता तर हात भरले असते, बाही भरली असती. ताडपत्री आतल्या खोलीत होती. गोणपाट समोर होतं. मी गोणपाट टाकलं आणि बस पकडली.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, हा तर पोरकट निष्काळजीपणा. असं कोणाच्याही हातून होतं. मीही स्वतःला कित्येकदा हेच सांगितलं आहे. इथेच थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो असतो का?

पांढुर्ण्यात पाऊस सुरू झाला तेव्हा मला ती शेड आठवली. बरोबर बेडच्या वर एक पत्रा गळायचा. मी तिथे नदीकाठी माणसांच्या गर्दीत उभा होतो, सगळे ओरडत होते, आणि मला फक्त तो पत्रा दिसत होता. परतीच्या बसला इतकी गर्दी की चढताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सौंसरला उतरलो तो धावतच शेडवर गेलो. गोणपाट ओलं गच्च होतं. उचललं. बेडच्या मधोमध लाल पट्टा, हातभर लांब. नुसता लाल नाही — बोटाला लागत होता, खाल्लेला.

भाऊजी संध्याकाळच्या बसने येणार होते.

मी घासलेटने पुसलं. जात नव्हता. पॉलिश पेपर लावला. मग दगड. दगडाने जाईना तर कानस घेतली. तुम्ही या कामातले असाल तर आता डोळे मिटले असतील. स्क्रॅपरने महिनाभर सपाट केलेल्या बेडवर मी कानस चालवली. रस्त्यावर हॉर्न वाजला की दाराकडे पाहायचो, पुन्हा घासायचो. गंज गेला. आणि त्याबरोबर तिथल्या कोरीही गेल्या. दोन्ही बाजूंना भाऊजींच्या चंद्रकोरी आणि मधात चकचकीत, टकला पट्टा.

तेव्हा तरी थांबायला हवं होतं ना? थांबून ते येईपर्यंत दारात बसायचं. ते रागावले असते. शिव्या दिल्या असत्या, कदाचित एक कानाखाली. मग जेवायला बसताना म्हणाले असते, "बीएस्सीले वाढा, दिवसभर गोटमार केली त्यायनं माझ्या बेडावर." मला माहीत होतं हे. मला पक्कं माहीत होतं.

मी बिडाची पाटी काढली. तिच्यावर आधी हात बसवला — ओळभर कोरी, मग दुसरी ओळ, मनगट सैल होईपर्यंत. आणि मग बेडच्या त्या पट्ट्यावर भाऊजींच्या कोरी काढल्या. दोन्हीकडच्या ओळींना जोडून, त्याच तिरक्या चालीत. संपलं तेव्हा मलाच सांधा दिसेना. आणि — हे सांगायलाच हवं — त्या भीतीतही मला क्षणभर आनंद झाला. जमलं म्हणून.

मग तेल दिलं. भरपूर.

पाटी राहिली. भंगारात टाकली तर भाऊजींच्या हाती लागणार, ते भंगारही चाळायचे. घरी ताईचं लोखंडी कपाट एका बाजूला हलायचं. मी पाटीच्या कोरींवर ग्रीस चोपडलं आणि ती पालथी घालून कपाटाच्या मागच्या पायाखाली सरकवली. ताई आल्या आल्या म्हणाली, "बरं केलं बाबू, केव्हाचं डुगडुगत होतं."

भाऊजींनी बेड पाहिला. कोरींवर अंगठा फिरवला. "तेल जास्त झालं," म्हणाले. पट्टी परत लावली नाही — कशाला लावतील? कोर शेवटी पडते. कोर शाबूत म्हणजे खालचं लोखंड जसं सोडलं तसंच आहे. लेथ ट्रकवर चढला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले? शेडपुढे सायकल थांबली की आधी कोण आहे ते पाहायचो. पांढुर्ण्याची बस आली की मी आतल्या खोलीत. ताईनं जेवायला हाक मारली तरी दचकायचो. ताई म्हणायची, मुलाखतीचं टेन्शन आहे बाबूला, आणि माझ्या पानात जास्तीची पोळी टाकायची. मी ती खायचो.

मुलाखत झाली, चांगली झाली. बेड तपासतात कसा, हेही विचारलं तिथे. मी सांगितलं, जसं भाऊजींनी शिकवलं तसं. वर त्यांचं नाव घेतलं.

दिवाळीनंतर जिनिंगचा निरोप आला. भाऊजींनी मलाही बरोबर घेतलं. दारातूनच जळक्या चामड्याचा वास आला. आवारात कापसाच्या बैलगाड्या खोळंबल्या होत्या, आत जिन बंद. त्या लेथवर तासलेले रोलर पोटात फुगीर निघाले होते. मधातच पाती घासायची, चामडं तापून जळायचं, आणि टोकांकडून सरकी निसटायची. मॅनेजर सगळ्या लोकांसमोर म्हणाला, "मिस्त्री, मोठं नागपूरचं नाव सांगून राहिले होते तुम्ही. आता एक चष्मा घेऊन या नागपूरहून."

लोक हसले. भाऊजींनी घासलेटच्या चिंधीने बेड पुसला, पट्टी ठेवली आणि मधात पतंगाचा कागद घातला. कागद आरपार सरकला, म्हणजे मधात खळगा. परत घातला. परत सरकला. मी त्यांना दिवा धरून उभा होतो — त्यांनी माझं मनगट धरून उजेड पट्टीखाली आणला.

तिथला फिटर चांगला माणूस. हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या मागून कोणी हात तं नाही लावला शेडमध्ये?"

त्याने दार उघडलं होतं. माझ्यासाठीच जणू. भाऊजी वाकले, दिवा जवळ ओढला, कोरींवरून अंगठा नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सांध्यावरूनही नेला. अंगठा कुठेच अडला नाही.

"नाही," म्हणाले. "कोणी घासलं असतं तं कोर मोडली असती. हे माझंच आहे."

मी दिवा तसाच धरून राहिलो. पण अजूनही हे ते नाही, जे सांगायला मी बसलो आहे.

येताना बसमध्ये ते खिडकीशी होते. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, जसे कोणाचे तरी दुसऱ्याचे. सौंसर जवळ आलं तेव्हा माझ्याकडे वळले. बीएस्सी म्हणाले नाहीत. "बाबू," म्हणाले, "तू होता बाजूले. मी शेवटची पट्टी फिरवली तेव्हा निळं मधात आलं होतं ना? मले तं आलेलं दिसलं होतं."

ते रागावून विचारत नव्हते. मला धरून विचारत होते. पाण्यात पाय टाकायच्या आधी माणूस बाजूच्याला विचारतो तसं.

मी म्हणालो, "आठवत नाही, भाऊजी."

हे ते वाक्य.

त्यांनी मान हलवली आणि परत खिडकीबाहेर पाहायला लागले.

जिनिंगचा बेड नीट करायला त्यांनी नागपूरहून दुसरा मिस्त्री बोलावला. स्वतः चिंधी घेऊन त्याच्या बाजूला उभे राहिले, जिथे मी उभा राहायचो तिथे. मग स्क्रॅपर तेलकट कापडात गुंडाळून वर ठेवून दिले. चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्यांनी. कोणी लेथ घेऊन आलं तर सांगायचे, "हात गेला आता. डोळ्यालेही भास होते." संत्र्याच्या बागांचे पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले. पोट भरलं. त्या हिवाळ्यातच माझं नेमणुकीचं पत्र आलं, आणि पेढे त्यांनी वाटले.

मी किती तरी मुलांना शिकवलं. निळं लावणं, खरवडणं, सगळं. कोर कधीच शिकवली नाही. मुलं विचारायची, सर, ते चंद्र कसे काढतात? मी म्हणायचो, आधी सपाट शिका. सुट्टीत ताईकडे गेलो की त्या कपाटाच्या खोलीत मला झोप यायची नाही. सफेदी करायची म्हणून एकदा कपाट हलवायचं निघालं, तर मी रजा टाकून गेलो, मदतीला. सगळे म्हणाले, बघा, साळा असावा तर असा.

परवाच्या समारंभात भाऊजींना मंचावर बसवलं होतं. आता ऐंशीचे आहेत. बोला म्हटलं तर माईक धरून म्हणाले, "माझा हात लवकरच गेला. पन बरं झालं, माझा गेला त्याच साली याचा लागला." सगळा हॉल हसला, टाळ्या वाजल्या. तेही हसले. मीही हसलो. मी हसलो — ऐकता ना?

समोर बसून सांगायला हवं होतं. सौंसर काही लांब नाही. नाही जमलं. पत्र लिहिलं आणि परत वाचलं तर टाकणार नाही म्हणून न वाचता टाकून आलो. त्यात काय लिहिलं ते शब्दन् शब्द पाठ आहे.

तीर्थस्वरूप नामदेव भाऊजी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पांढुर्ण्याच्या जिनिंगच्या लेथचा बेड तुम्ही बरोबर केला होता. निळं मधात आलं होतं. सगळीकडे आलं होतं. बसमध्ये तुम्ही विचारलं तेव्हा मला आठवत होतं.

पोळ्याला मी तेल दिलं नव्हतं. गंज चढला. तो काढायला मी कानस चालवली आणि वरून तुमच्या कोरी काढल्या.

ताईच्या कपाटाच्या मागच्या डाव्या पायाखाली बिडाची पाटी आहे. ती उलटी करून पाहा. पाहून तुम्हाला वाटेल, कोरी तुम्ही काढल्या. त्या मी काढल्या. ग्रीस वाळलं असेल, घासलेटने पुसा. कपाट जड आहे, पहार लावावी लागेल. एकट्याने उचलू नका.

तुमचा हात गेला नव्हता.

वसंता